हौसेचा माग आणि पोटाचा माग

परदेशात जायचे, तिथल्या एखाद्या डोंगराळ गावात विणकराच्या ओसरीवर आठ-पंधरा दिवस बसायचे, टकळी फिरवायला शिकायचे, कमरेला बांधायच्या मागावर वीतभर पट्टी विणायची आणि परत आल्यावर त्यावर लेख लिहायचा, हा लेखनप्रकार आता मराठीतही रुळू लागला आहे. पेरू, ग्वाटेमाला, लाओस, कधी आपलाच ईशान्य भारत. असे लेख मी सवडीने वाचत आलो आहे. लेख वाईट नसतात. भाषा स्वच्छ असते, नवी माहिती असते, लिहिणाऱ्याचा आनंदही खरा असतो. सूत तुटले की आपण कसे खजील झालो आणि ती म्हातारी बाई कशी हसली, हे वाचताना आपणही हसतो.

माझी तक्रार ह्या मंडळींनी जाऊ नये अशी नाही. कोणी कुठे जावे आणि काय शिकावे ह्यावर बंदी घालण्याचा धंदा मनूने केला, तो आपण करू नये. तक्रार लेखनाविषयी आहे. ह्या लेखनात शिकणारा माणूस पूर्ण दिसतो. त्याचे मन, त्याचा थकवा, त्याला आलेली जाग, सारे दिसते. शिकविणाऱ्याचे मात्र हात दिसतात, सुरकुत्या दिसतात आणि हसू दिसते. ते हात दिवसाला किती मजुरी मिळवितात, सूत कोणाकडून उधार येते, विणलेला माल कोण उचलतो आणि कोणत्या भावाने, म्हातारीची नात मागावर बसते की शहरात गेली, ह्यांपैकी एकही गोष्ट सहसा लेखात येत नाही. आली तर 'ही कला लोप पावते आहे' ह्या एका हळहळीच्या वाक्यात उरकली जाते. माणूस कष्टांतून सुटू पाहतो आहे, आणि लेखकाला त्यात कलेचा मृत्यू दिसतो!

मी सोलापुरात शिकवितो. ह्या शहरात माग हे प्रेक्षणीय स्थळ नाही. इथली जुनी गिरणी १८७७ च्या सुमारास उभी राहिली. १९४९ मध्ये ती बंद पडली, १९५० मध्ये सरकारने वटहुकूम काढून तिचा ताबा घेतला आणि नव्या राज्यघटनेच्या पहिल्याच वर्षात तिचा खटला सर्वोच्च न्यायालयात जाऊन पोचला. कायद्याच्या विद्यार्थ्याला सोलापूर हे नाव चादरीआधी त्या खटल्यामुळे ठाऊक होते. १९६३ मध्ये ती गिरणी कायमची थांबली. पूर्व भागात तेलंगणातून आलेल्या पद्मशाली समाजाने खड्डामाग आणले, पुढे जेकार्ड आले, मग यंत्रमाग. हातमाग आता मोजकेच उरले आहेत. सोलापुरी चादरीला २००५-०६ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला. चादरीला नाव मिळाले, ती विणणाऱ्याला मिळाले नाही. माझ्या वर्गातल्या कित्येक मुलींच्या आया विड्या वळतात आणि वडील यंत्रमागावर पाळी करतात. त्यांना 'पारंपरिक कारागिरी' हा शब्द परीक्षेत आला तर त्या उत्तर लिहितील, परंतु तो आपल्या घराविषयी आहे हे त्यांच्या ध्यानात येणार नाही.

म्हणून ह्या लेखनाकडे पाहताना 'शिकणे' हाच शब्द मला तपासून घ्यावासा वाटतो. विणकाम शिकणे ही गोष्ट आपल्या देशात सर्वांना एकाच दाराने मिळालेली नाही.

सुशिक्षित माणूस विणकराकडे शिकायला जातो, ह्याचे आपल्याकडील सर्वांत प्रसिद्ध लेखन गांधीजींच्या आत्मकथेत आहे. खादीच्या जन्माविषयीची ती प्रकरणे मी विद्यार्थ्यांना मुद्दाम वाचायला लावतो. गांधीजी तिथे प्रांजळपणे सांगतात की, 'हिंद स्वराज्य'मध्ये मागाचा आणि चरख्याचा पुरस्कार केला तेव्हा आपण ह्यांपैकी काही पाहिल्याचे आठवत नाही. १९१५ साली दक्षिण आफ्रिकेतून परतलो तेव्हाही चरखा पाहिलेला नव्हता. आश्रमात माग बसविले, आणि बसविल्यावर उमगले की आश्रमातली सारी माणसे पांढरपेशी किंवा व्यापारी, कारागीर एकही नाही! आजच्या प्रवासलेखकांत हा प्रांजळपणा मला क्वचित आढळतो. गांधीजींशी आमचे भांडण मोठे आहे आणि ते मिटलेले नाही, पण ह्या ओळी लिहायला धैर्य लागते, हे कबूल केले पाहिजे.

त्यानंतरचा मजकूर मात्र डोळ्यांत तेल घालून वाचावा. पालनपूरहून एक विणकर शिकवायला आणला गेला. त्याने आपली सगळी विद्या दिली नाही. पण मगनलाल गांधी हार मानणारे नव्हते. यंत्रकौशल्य त्यांच्या अंगी होतेच, त्यांनी ती विद्या लवकरच हस्तगत केली आणि मग आश्रमात एकामागून एक विणकर तयार झाले. कथेच्या ओघात पालनपूरचा माणूस हा एक अडथळा आहे. त्याला नाव नाही. त्याने विद्या का राखून ठेवली, हा प्रश्न तिथे कोणी विचारीत नाही. उत्तर अवघड नव्हते. आश्रमातल्या मंडळींना विणकाम येवो न येवो, त्यांच्या जेवणाची सोय होती. पालनपूरच्या माणसाकडे त्या विद्येवाचून विकायला दुसरे काही नव्हते. जी एकमेव चीज आपल्याला बाजारात उभे करते ती एका महिन्यात दुसऱ्याच्या ओंजळीत ओतावी, ही अपेक्षा ज्याचे पोट भरलेले आहे तोच करू शकतो. एकलव्याच्या गोष्टीत गुरूने शिष्याचा अंगठा मागितला. ह्या नव्या गोष्टीत शिष्य गुरूचा अंगठा मागतो आहे, आणि न मिळाल्यास गुरू कोत्या मनाचा ठरतो आहे.

इथे थांबलो असतो तर लेख सोपा झाला असता. पालनपूरच्या विणकराच्या बाजूने मी बोलतो खरा, पण विद्या राखून ठेवण्याच्या त्या रीतीच्या बाजूने मला बोलता येत नाही. बापाची विद्या मुलालाच, जातीची विद्या जातीतच, ही रीत म्हणजेच जातिव्यवस्था. बाबासाहेबांनी १९३६ च्या 'जातिनिर्मूलना'त दाखवून दिले की जात ही श्रमांची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे. त्या विभागणीने कारागिराला एका हाताने मक्तेदारी दिली आणि दुसऱ्या हाताने पिढ्यान्‌पिढ्यांची कैद दिली. आपल्याला हवी आहे ती विद्येची मोकळीक. आणि जो विद्या मोकळी करतो त्याचे पोट सुरक्षित असल्याखेरीज ती मागता येत नाही. परदेशात टकळी शिकून आलेल्या लेखकाने एवढा एक विचार जरी लेखात आणला, तरी त्याच्या लेखाचे वजन वाढेल.

आत्मकथेत आणखी एक व्यक्ती आहे. लाठीहून रामजी नावाचे विणकर आणि त्यांची पत्नी गंगाबेन आली, त्यांनी आश्रमात खादीची धोतरे विणली आणि पुष्कळांना विणायला शिकविले. गंगाबेन निरक्षर, पण मागावर बसली की नजर हलत नाही, असे तिचे कौतुक आहे. कौतुक मनापासूनचे आहे. तरीही ते बघणाऱ्याचे कौतुक आहे. पुष्कळांना शिकविणारी बाई, म्हणजे आमच्या भाषेत शिक्षिका. तिच्या तोंडी एक शब्दही येत नाही. नजर हलत नाही ह्याचे कारण तल्लीनता असेल, किंवा नजर हलली की सूत तुटते आणि तुटलेले सूत जोडण्यात वेळ जातो हेही असेल. मागावर बसलेल्या कोणालाही विचारावे. आश्रमात तिला हिशेब नसेलही. घरच्या मागावर तो हिशेब सुटत नाही.

आता दुसरे दार. मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्यांना कताईच्या खात्यात काम मिळे, विणकामाच्या खात्यात मिळत नसे. कारण सुतात होते. धोट्यातली कांडी संपली की नवी बसवायची आणि तिच्या सुताचे टोक धोट्याच्या डोळ्यातून बाहेर काढायचे. ते तोंडाने ओढून घेण्याची पद्धत होती. ज्या धोट्याला महाराचे ओठ लागले त्याला आपले ओठ कसे लावायचे, म्हणून स्पृश्य विणकरांनी अस्पृश्याला मागाजवळ येऊ दिले नाही. मजुरी विणकामात जास्त होती. १९२८ च्या गिरणी संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे ठेवला आणि अस्पृश्यांना विणकामखाते खुले करण्याची मागणीही संपाच्या मागण्यांत असली पाहिजे असा आग्रह धरला. वर्गाच्या एकजुटीची भाषा बोलणाऱ्यांना ती मागणी त्या वेळी अडचणीची वाटली.

हा प्रसंग आमच्या चळवळीत पुष्कळ वेळा सांगितला जातो, आणि तो कामगार-चळवळीच्या इतिहासात ठेवला जातो. मला तो साहित्यसमीक्षेतही आणावासा वाटतो. सुताचा एवढा गौरव मराठीत झाला. कबीराच्या मागावर, त्याच्या ताण्याबाण्यावर अध्यात्माची केवढी पुटे चढविली गेली! बाबासाहेबांनी कबीराला गुरू मानले ते ह्या पुटांसाठी नव्हे. पण विणकामाचे हे सारे गोडवे लिहिताना ओठांतल्या त्या सुताचा उल्लेख किती जणांनी केला? माझी आजी तिच्या वडिलांविषयी सांगे. ते एका गिरणीत कताईला होते. भिंतीपलीकडे मागांचा आवाज दिवसभर ऐकू येई. एवढेच ती सांगे, आणि माग कसा असतो हे त्यांनी सांगितल्याचे तिला आठवत नसे. विणकाम शिकणे ही आमच्या लोकांच्या लेखी हौस नव्हती, सहलही नव्हती. ती संपाच्या यादीत लिहून मागायची गोष्ट होती.

तिसरे दार तर बाहेरून कडी लावलेले होते. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने ज्यांना जन्मतः गुन्हेगार ठरविले त्यांच्यासाठी सोलापुरात सेटलमेंट उभी राहिली, तारेच्या कुंपणाआड. त्या कुंपणातून माणसे हजेरी देऊन गिरणीत जात आणि हजेरी द्यायला परत येत. गिरण्यांना मजूर हवे होते, सरकारला बंदोबस्त हवा होता. सूत कातणे ही त्यांची 'सुधारणा' होती! कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. सेटलमेंट हे नाव अजून शहरात चालते. हातात सूत दिले की मन शुद्ध होते असे मानणाऱ्यांनी एकदा ह्या कुंपणाचा इतिहास वाचावा. सूत तेच होते.

ह्या दाराचे साहित्यातले रूप शोधायचे तर लक्ष्मण गायकवाडांचे 'उचल्या' (१९८७) वाचावे लागते. गुन्हेगार ठरविलेल्या जमातीतल्या घरातून आलेला मुलगा लातूरच्या सूतगिरणीत कामाला लागतो. सूतगिरणी त्या पुस्तकात कुठेही सुंदर नाही. पण ती पोलिसांच्या दंडुक्यापासून आणि चोरीपासून दूर नेणारी, पगाराची, संघटनेची जागा आहे, आणि तीही सुरक्षित नाही. प्रवासलेखांत सूत माणसाला निसर्गाकडे नेते. 'उचल्या'त ते त्याला हजेरीपटाकडे नेते, आणि हजेरीपटावर नाव असणे ही त्या माणसासाठी केवढी गोष्ट आहे हे ज्याला कळत नाही त्याने त्या पुस्तकावर लिहू नये. यंत्राविषयी बाबासाहेबांची भूमिकाही इथे आठवते. १९४५ मध्ये काँग्रेस आणि गांधीजी यांच्यावरील ग्रंथात त्यांनी लिहिले ते थोडक्यात असे: जनावराच्या पातळीवरून माणूस वर येतो तो फुरसतीमुळे, आणि सामान्य माणसाला ती फुरसत यंत्रच देऊ शकते. टकळीवर दिवसभर कातून मिळणाऱ्या शांतीचे वर्णन करणाऱ्या लेखकाकडे ती फुरसत आधीपासून असते. विमानाचे तिकीट हाच तिचा पुरावा.

परदेशातल्या एका नावाचा उल्लेख करायला हवा, कारण ह्या प्रकारच्या लेखनाला त्या नावाचा आधार घेता येतो. अॅनी अल्बर्स ही बर्लिनमध्ये १८९९ साली जन्मलेली विणकर. बाउहाउस ह्या जर्मन कलाशाळेत ती १९२२ मध्ये गेली. बायकांना तिथे बहुधा विणकामाकडेच वळविले जाई, तिला स्वतःला ते आधी नको होते. म्हणजे तीही बंद दारापाशीच उभी राहिली होती. नाझी आल्यावर १९३३ मध्ये ती अमेरिकेत गेली, १९३५ पासून मेक्सिकोच्या पुष्कळ वाऱ्या केल्या, कमरेला बांधायच्या मागाचा अभ्यास केला आणि १९६५ मध्ये विणकामावरचा आपला ग्रंथ प्राचीन पेरूच्या विणकरांना गुरू मानून अर्पण केला. युरोपातल्या शिकलेल्या बाईने अनामिक अमेरिकन आदिवासी विणकरांना गुरू म्हणावे, ही गोष्ट लहान नाही. आपल्याकडे संगीताचे, नृत्याचे केवढे ग्रंथ आहेत. ज्यांच्या अंगणातून ती विद्या उचलली त्या कोल्हाटी, गोंधळी, महार-मांगांना ग्रंथ अर्पण केल्याची उदाहरणे शोधत बसावी लागतील.

तरीही एक गोष्ट खटकते. प्राचीन पेरूचे विणकर मेलेले आहेत. मेलेल्या गुरूला दक्षिणा द्यावी लागत नाही आणि तो भावही करीत नाही. जिवंत विणकर भाव करतो. ग्वाटेमालातल्या माया विणकर स्त्रियांनी नेमके तेच केले. त्यांच्या नक्ष्या उचलून कंपन्या कपडे विकत होत्या. ह्या स्त्रिया २०१६ मध्ये देशाच्या घटना न्यायालयात गेल्या, आमच्या नक्ष्यांवर आमच्या समूहांची मालकी आहे, असे त्यांनी सांगितले, आणि २०१७ मध्ये न्यायालयाने कायदेमंडळाला ह्याविषयी कायदा करण्याची सूचना केली. ग्वाटेमालात विणायला शिकून आल्याचा लेख लिहिणाऱ्याला त्याची गुरू न्यायालयात गेली होती हे ठाऊक असायला नको काय?

आता उर्मिला पवारांच्या 'आयदान'कडे (२००३) येतो. हा लेख लिहावासा वाटला तो मुळात त्या पुस्तकामुळे. आयदान म्हणजे बांबूच्या सुपल्या, टोपल्या. कोकणात हे काम महार समाजाकडे होते. सूत नव्हे, बांबू, पण विणकामच. नवरा गेल्यावर आईने हे विणून मुले वाढविली, शिकविली. मुलगी ती आयदाने घरोघर पोचवायला जाई. वरच्या जातीच्या घरी तिला दारात उभे करीत, टोपल्यांवर पाणी शिंपडून त्या शुद्ध करून घेत आणि पैसे वरून टाकीत. म्हणजे विणलेली वस्तू घरात जाई, विणणारी उंबऱ्याबाहेर राही. कारागिरीचे कौतुक करणाऱ्या साऱ्या लेखनाला ह्या एका उंबऱ्यावर उभे करून पाहावे.

लेखिका म्हणते की आईच्या विणकामाची आणि आपल्या लेखनाची वीण एकच आहे. हेच वाक्य प्रवासलेखकाने लिहिले असते तर मी ते बाजूला ठेवले असते. इथे ते खरे ठरते, कारण मधली सगळी किंमत पुस्तकात मांडलेली आहे. शिवाय मुलीने विणकाम पुढे चालविले नाही. ती शिकली, नोकरी केली, लिहू लागली. परंपरा तुटली म्हणून पुस्तक कुठेही गळा काढीत नाही. आईलाही तेच हवे होते. इंग्रजी अनुवादाच्या नावात (२००८) 'वीण' राहिली आणि आयदान गेले. अनुवाद मोलाचा आहे, त्याने हे पुस्तक जगभर नेले. पण नावातून टोपली गळून पडली की विणकाम पुन्हा नुसते रूपक होते, आणि रूपकावर कोणी पाणी शिंपडत नाही.

आमच्या पूर्व भागातही शिकायला पाहुणे येतात. गेल्या वर्षी माझ्या बी.ए.च्या वर्गातील एका विद्यार्थिनीच्या घरी एक परदेशी बाई पंधरा दिवस माग शिकायला आली होती. बाई चांगली होती, पैसे मोजून देत होती, मुलीच्या आईला मागाची मालकीण समजून वागत होती. त्या पंधरा दिवसांत ही मुलगी तासांना आली नाही. पाहुणी मागावर बसे, तेव्हा तिच्यासाठी कांड्या भरून देणारे कोणी तरी हवे होते.

मला तेव्हा धम्मपदाच्या अट्ठकथेतली आळवी नगरीची विणकराची मुलगी आठवली. भगवान बुद्ध गावात आले आहेत, सारे गाव जमले आहे आणि मुलीला बापाने कांड्या भरायला बसविले आहे. ती मागासाठी कांड्या भरते, टोपली घेऊन निघते आणि वाटेत सभेच्या कडेला उभी राहते. तथागत तोवर गप्प बसून आहेत. ती येईपर्यंत त्यांनी देसना सुरू केलेली नाही. मग ते प्रश्न विचारतात ते तिला, आणि सभेला न कळलेली उत्तरे ती देते. त्यानंतर ती कांड्या घेऊन घरी जाते. बाप मागावरच झोपलेला असतो. दचकून उठताना त्याच्या हाताने मागाला हिसका बसतो, माग तिच्या छातीवर आदळतो आणि ती मरते. ही गोष्ट सांगणारे बहुधा प्रश्नोत्तरांपाशी थांबतात. अट्ठकथा थांबत नाही; ती मुलीला मागापर्यंत नेते.

देशातील चौथ्या हातमाग गणनेत (२०१९-२०) ३५ लाखांहून अधिक विणकर आणि पूरक कामगार मोजले गेले, त्यांत स्त्रिया बहुसंख्य. सुमारे दोन-तृतीयांश कुटुंबांचे महिन्याचे उत्पन्न ५ हजार रुपयांपेक्षा कमी. कांड्या भरणे हे पूरक काम. त्या विद्यार्थिनीला मी पाहुणीविषयी काही लिहून आण म्हटले. तिने दोन पाने आणली. पाहुणीविषयी त्यात चार ओळी होत्या, बाकी सारे कांड्यांविषयी: सूत कोरडे असले की कसे तुटते, खळ जास्त झाली तर बोटाला कसे कापते, आईचा खांदा कोणत्या वेळी भरून येतो, शेकड्याला काय मिळते आणि पाहुणीच्या कांड्या त्यात धरल्या गेल्या की नाहीत. शेवटच्या मुद्द्यावर आईचे आणि तिचे भांडण झाले होते. ते भांडणही लिही, असे मी तिला सांगितले आहे.